तीन चाकं आणि शनिवार

नागपुरात सदरच्या सिग्नलला ताईची गाडी थांबली की दोन प्रकारची माणसं तिच्याजवळ येतात. एक, ज्यांना गाडीबद्दल विचारायचं असतं. दुसरी, ज्यांना गाडीत बसायचं असतं. पहिल्या प्रकारची माणसं विचारतात, कोणत्या कंपनीची, ॲव्हरेज किती, मागे एकच चाक काहून? दुसऱ्या प्रकारची माणसं काहीच विचारत नाहीत. पिशवी सरळ मागच्या सीटवर ठेवतात आणि म्हणतात, "इतवारी."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. सहासष्ट वर्षांची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. गाडी म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल. पुढे दोन चाकं, मागे एक. ऑटोचं बरोबर उलटं, पण चाकं तीन म्हणजे ऑटो, हे समीकरण आमच्या शहरात इतकं पक्कं आहे की गणिताच्या बाईंनाही ते खोडता आलेलं नाही.

ही गाडी आली ती ताईच्या कानामुळे.

ताईनं आयुष्यभर दुचाकी चालवली. आमच्या घरात पहिली मोपेड तिची, पहिली स्कूटर तिची आणि पहिला दंडही तिचाच. मग एका सकाळी ती उठली तर खोली गरगर फिरत होती. डाव्या कानाच्या आतल्या नसेला सूज आली होती. तोल सांभाळणारं जे यंत्र कानाच्या आत असतं, ते डाव्या बाजूचं कायमचं बंद पडलं. चक्कर काही आठवड्यांत थांबली. उजव्या कानानं दोघांचा कारभार हाती घेतला. ताई नीट चालू लागली, जिने चढू लागली, माझ्याशी भांडू लागली. पण डॉक्टर म्हणाले, दुचाकी बंद. दुचाकीला जो तोल लागतो तो आता तुमच्याकडे अर्धा आहे. जी गाडी स्वतः उभी राहते ती खुशाल चालवा.

माझी जुनी कार स्वतः उभी राहते. ताईनं ती चालवून पाहिली. पहिल्याच दिवशी कार मागे घेताना आधी आपलं फाटक पाडलं, मग गल्ली ओलांडून समोरच्या वहिनींचंही पाडलं. वहिनी भल्या. त्यांनी स्वतःच्या फाटकाबद्दल चकार शब्द काढला नाही; उलट हळद घातलेलं दूध घेऊन आल्या. फाटकं मात्र बरेच महिने तशीच राहिली, आणि पुढे जे झालं त्यात या उघड्या फाटकाचा वाटा आहे.

ताईचा मुलगा पुण्यात असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे जगात काहीही बिघडलं तरी ते अपडेट करून दुरुस्त होतं असं त्याला वाटतं. आईला पुण्याला अपडेट करण्याचा विचार त्याच्या डोक्यात बराच आधीपासून होता. कानामुळे त्याला कारण मिळालं.

"आई, इथे बाराव्या मजल्यावर केवढी हवा येते. खाली बाग आहे. ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब आहे," तो फोनवर म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

"हसायसाठी मी क्लबात जाऊ का?" ताई म्हणाली. "इथं तुझा मामा आहे न."

खरी अडचण सावनेरची होती. ताईची पहिली नोकरी सावनेरच्या शाळेत. तिथल्या तीन मैत्रिणी आणि ही, अशा चौघी जणी दर शनिवारी दुपारी रमी खेळतात. डाव चिंचोक्यांवर असतो. पण चिंचोक्यांसाठी त्या बायका जशा भांडतात तशी माणसं शेतीच्या धुऱ्या-बांधासाठीही भांडत नसतील. चौघींपैकी एक गेली तर डाव मोडतो, आणि डाव मोडला तर काय मोडेल ते ताई बोलत नव्हती. बस आहे, मी आहे, माझी कार आहे, हे सगळं मी तिला सांगून पाहिलं.

"तू आणून सोडशील," ती म्हणाली, "मग बाहेर बसून पेपर वाचशील, आन् चार वाजले की खोकशील. मले कोणाच्या खोकल्यावर उठायचं नाही."

शेवटी मायलेकांत करार झाला. तीनचाकी घ्यायची. दसऱ्याला मुलगा नागपूरला येईल. दसऱ्यानंतरच्या शनिवारी आईच्या मागे बसून सावनेरला जाऊन येईल. त्याला भीती वाटली नाही तर पुण्याचा विषय कायमचा बंद. वाटली, तर दिवाळीनंतर ताई पुण्याला.

"भीती वाटली की नाही हे तू खरं सांगशील?" ताईनं विचारलं.

"खरं सांगेन."

"मंजूर."

"येताना एक मोठी रिकामी बॅग घेऊन येतो," तो म्हणाला. "तुझं थोडं सामान आधी आणता येईल." मुलगा आशावादी आहे.

गाडी घ्यायला आम्ही गेलो त्या दिवशी शोरूममध्ये समारंभ होता. समारंभ आमचाच आहे हे आत गेल्यावर कळलं. लाल कापड, फुगे, केक आणि माझ्या उंचीची थर्मोकोलची किल्ली. शोरूमच्या मॅनेजरांनी माइक घेतला. शोरूममध्ये आम्ही दोघं, तीन सेल्समन आणि टायर बघायला आलेला एक गृहस्थ, एवढाच श्रोतृवर्ग होता; पण मॅनेजरांचा आवाज मोठ्या मैदानासाठी तयार झालेला होता. ते म्हणाले, ही गाडी नाही, ही क्रांती आहे. ही पडू शकत नाही. हिला पाडून दाखवा.

ताईनं विचारलं, "कशी काय पडू शकत नाही?"

"स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, मॅडम."

"ते काय करते?"

"स्टेबल ठेवते."

वर्गात असं उत्तर देणाऱ्याला ताईनं बाकावर उभं केलं असतं. इथं केक कापून झाला होता. मग लिंबांचा प्रश्न आला. नवी गाडी लिंबावरून न्यायची असते. दुचाकीला दोन, कारला चार. तीनचाकीला किती यावर सेल्समनमध्ये दोन मतं पडली. एकाचं म्हणणं तीन. दुसऱ्याचं, मागचं चाक मधोमध आहे, ते पुढच्या लिंबांवरून जाणारच नाही, म्हणजे ते मोजायचंच कशाला.

"एकही नको," ताई म्हणाली. "आणलेच असतील तर सरबत करा. गरम होऊन राहिलं."

थर्मोकोलची किल्ली धरून आमचा फोटो निघाला. खरी किल्ली द्यायला मॅनेजर विसरले. त्यासाठी आम्ही दारातून परत गेलो.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. हातात आलेलं छापील काहीही शेवटच्या पानापर्यंत वाचायची खोड तिथली. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक आमच्या खानदानात फक्त मी वाचलं. शैली रुक्ष होती, पण मॅनेजरांच्या भाषणानंतर ती रुक्षता फार गोड वाटली. त्यात पहिल्याच पानांत लिहिलं होतं, की ही गाडी उलटू शकते.

दुचाकी वळणावर आत झुकते आणि माणूस तिच्याबरोबर झुकतो. ही तीनचाकी झुकत नाही. ती टेबलासारखी उभीच राहते आणि हँडल जिकडे फिरवाल तिकडे वळते. त्यामुळे वेगात वळलं की अंग बाहेर फेकलं जातं, वजन बाहेरच्या चाकावर जातं आणि आतलं चाक हलकं होतं. फारच वेगात वळलं, तर ते आतलं चाक जमीन सोडतं. मागे एकच चाक, तेही मधोमध. ते सावरायला येत नाही.

यावर उपाय म्हणून गाडीत पहारा बसवलेला आहे. हँडलपाशी एक जण बघतो की चालवणाऱ्याला कुठे जायचंय. प्रत्येक चाकापाशी एक जण बघतो की चाक किती जोरात फिरतंय. आणि सीटखालच्या डबीत एक जण असतो, त्याला गाडी खरोखर कुठे वळतेय आणि किती कलतेय ते कळतं. या सगळ्यांच्या साक्षी जुळल्या तर कुणी काही बोलत नाही. जुळल्या नाहीत, म्हणजे हँडल एक सांगतंय आणि डबी दुसरंच, तर गाडी इंजिनाचा जोर काढून घेते आणि बाहेरच्या पुढच्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते. वेग उतरतो, वळण थोडं सैल होतं, उठू पाहणारं चाक खाली टेकतं. हे सगळं माणसाची पापणी लवायच्या आत.

"म्हणजे त्या डबीत कान आहे," मी वाचून दाखवल्यावर ताई म्हणाली.

"तसंच म्हण."

"दोन्ही बाजूचा?"

"दोन्ही."

"मग माझ्यापेक्षा बरा आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं गाडीला नीट वागवायला सुरुवात केली.

वस्तीतल्या क्रिकेटच्या मैदानावर ती पंधरवडाभर शिकली. पहिल्या दिवशी सवयीनं तिनं वळणावर अंग झुकवलं आणि गाडी आपल्याबरोबर येईल म्हणून वाट पाहिली. गाडी आली नाही; सरळ लेगस्टंपाकडे गेली. "हिले सांगावं लागते," ताई ओरडली. "नुसतं झुकून भागत नाही!" चाळीस वर्षांची सवय मोडायला तिला वेळ लागला, पण मोडली. थांबताना पाय टेकायची सवय मात्र आजही गेलेली नाही. तीन चाकांवर टेबलासारखी उभी असलेली गाडी, आणि तिच्यावर एक पाय डांबरावर टेकून बसलेली ताई. मी विचारलं तर म्हणाली, "गाडीले आधार नको असेल. मले बरं वाटते."

पहिला शनिवार झकास गेला. ती कोराडीवरून, कोळशाच्या ट्रकांच्या रांगेतून, सावनेरला गेली आणि उजेडात परत आली. मैत्रिणींनी गाडीला ओवाळलं होतं. गल्लीतही गर्दी जमली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, इतके लोकं पाहून राहिले. नजर लागते. एक लिंबू-मिरची बांधून घ्या न."

"वहिनी, मी जन्मभर पोरांना शिकवलं की लिंबात फक्त लिंबाचा रस असतो. आता या वयात पलटू का?"

वहिनी हसल्या. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या शनिवारी कोराडी ओलांडल्यावर गाडीच्या काट्यांपाशी पिवळा दिवा लागला, गाडीचा जोर गेला आणि ती सायकलच्या चालीनं चालू लागली. मागचे ट्रक भोंगे वाजवू लागले. ताई रडतखडत सावनेरला पोचली तेव्हा दोन डाव होऊन गेले होते. सोमवारी गाडी शोरूममध्ये नेली. दिवा लागतच नव्हता. संगणकानं एवढंच सांगितलं की डाव्या पुढच्या चाकाची खबर मध्येच तुटली होती. त्यांनी चाक धुतलं, वायर तपासली आणि गाडी परत दिली.

तिसऱ्या शनिवारी तेच. मग त्यांनी त्या चाकापाशी बसलेला पहारेकरीच बदलला. चौथ्या शनिवारी नवा पहारेकरीही तेच सांगू लागला.

प्रत्येकाचं आपलं एक मत होतं. मला वाटलं कोराडीच्या वीजकेंद्राची राख आत जात असेल. भाचा फोनवर म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट करा. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, गाडी परफेक्ट आहे. हायवेवर तुमचा कॉन्फिडन्स थोडा कमी पडतो." समोरच्या वहिनी म्हणाल्या, शनिवारीच होते म्हणजे शनी आहे, दुसरं काय? आणि काळजीनं त्यांचा चेहरा उतरला.

ताई कुणाशी वाद घालत बसली नाही. एका बुधवारी ती गुपचूप सावनेरला जाऊन आली. त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, त्याच ट्रकांमधून. काहीही झालं नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेली. गाडी पाण्यासारखी गेली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि चहा न घेता बसली. हे तिच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे.

"बाकीच्या दिवशी गाडी बरोबर असते," ती म्हणाली. "शनिवारी बिघडते. रस्ता तोच, गाडी तीच. मग शनिवारी वेगळं काय असते, सांग बरं?"

"काय?"

"मी. शनिवारी मले घाई असते. मीच काही करून राहिली का गा? हँडल वेडंवाकडं फिरवत असेन, मले कळत नसेल. एक कान गेला तेव्हा कुठं आधी कळलं होतं."

मी तिला हसण्यावारी नेलं नाही. न्यायची हिंमत झाली नाही. दसरा जवळ आला होता. शनिवार तर त्यानंतर ठरलेलाच होता.

भाचा आला. बरोबर ती रिकामी बॅग होती. एवढी मोठी, की तीत ताई स्वतः मावली असती. दसऱ्याला त्यानं आईला सोनं दिलं, पाया पडला आणि बॅग दिवाणखान्यात सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. शुद्ध पुणेरी बोलत होता. "आई, मी कुठलाही पूर्वग्रह ठेवून आलेलो नाही," असं तो म्हणाला, आणि पूर्वग्रह नसलेली माणसं हे वाक्य म्हणत नाहीत हे मला अनुभवानं माहीत आहे.

शनिवारी सकाळी ताईनं गाडी बाहेर काढली. भाचा मागे बसला; हेल्मेटचा पट्टा त्यानं तीनदा तपासला. मी माझ्या जुन्या स्कूटरवरून मागे निघालो. कारणं दोन. पंच म्हणून आणि गरज पडली तर भाच्याला परत आणायला. समोरच्या वहिनी अंगणात हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, आज बंदोबस्त जय्यत आहे, असं काहीतरी होतं. तेव्हा मला ते कळलं नाही.

मानकापूर गेलं, कोराडी गेलं. ताई छान चालवत होती. भाच्याचे खांदे कानांपासून हळूहळू खाली येऊ लागले होते. मी त्यांच्या मागे, थोडा डावीकडे होतो. आणि तेवढ्यात माझ्या हेल्मेटच्या काचेवर फटकन काहीतरी आपटलं.

हिरवी मिरची होती.

आभाळातून मिरची पडत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. भाजीची गाडी नव्हती. मग दुसरी मिरची आली. ती अर्धीच होती आणि ताईच्या पुढच्या डाव्या चाकातून आली हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच क्षणी ताईची गाडी मंदावली. मागचा ट्रक भोंगा वाजवू लागला. तिनं गाडी कडेला घेतली.

"बघ आई," भाचा खाली उतरत म्हणाला. आवाज हळू होता. त्याला आनंद झालेला नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "म्हणून मी म्हणतो."

ताई पिवळ्या दिव्याकडे बघत सीटवर तशीच बसून राहिली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही पाय टेकून बसलेलं पाहिलं.

"ताई," मी म्हणालो, "तुझ्या चाकात मिरच्या आहेत."

"थट्टा करायची ही वेळ आहे का गा?"

मी गुडघ्यावर बसलो आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. आतल्या दांडीला एक जाड लोखंडी तार गुंडाळलेली होती. तारेत ओवलेलं अर्धं लिंबू, एक बिब्बा, कोळशाचा तुकडा आणि मिरच्यांचे देठ. नेहमीच्या लिंबू-मिरचीच्या दुप्पट सामान. तारेचं मोकळं टोक चाकावरच्या दातेरी कड्यात जाऊन अडकलं होतं.

ताई खाली उतरली, वाकली आणि तिनं ते पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शाळेत असताना पाहत असे, कोणीतरी अवघड गणित बरोबर सोडवल्यावर.

"शनिवारी लिंबू बदलतात," ती म्हणाली.

दर शनिवारी सकाळी वहिनी ताजं लिंबू-मिरची घेत. ताई हँडलला बांधू देणार नाही हे माहीत होतं, म्हणून पडक्या फाटकातून आत येऊन कोणाला दिसणार नाही अशा जागी बांधत. चाकापाशी बसलेला पहारेकरी लोहचुंबकाचा असतो. तो त्या कड्याचे दाते मोजतो आणि त्यावरून चाकाचा वेग सांगतो. गाडी वेगात आली की तार लोंबू लागे, दात्यांच्या फटीत शिरे आणि त्याची मोजणी चुके. एक चाक भलतंच सांगतंय म्हटल्यावर गाडी दिवा लावी आणि सावकाश घरी जा म्हणे. चुकीच्या माहितीवर भलत्या चाकाला ब्रेक लावण्यापेक्षा, मला कळत नाही, असं कबूल करणं तिला बरं वाटतं. हा गुण मी अनेक मोठ्या खुर्च्यांवर शोधला. सापडला तो या डबीत. परतीच्या वाटेवर तार तुटून पडे. सोमवारी शोरूमला काही दिसत नसे. आणि दिवा लागतो म्हणून वहिनी पुढच्या शनिवारी आणखी जाड तार आणत.

"म्हणजे मी नव्हती," ताई म्हणाली. आम्हाला नाही, स्वतःलाच.

तिनं केसांतला आकडा काढला, तारेचं टोक दात्यांतून सोडवलं आणि सगळा ऐवज रुमालात बांधून पिशवीत टाकला. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. थोडी चालल्यावर दिवा विझला.

"बस," ती मुलाला म्हणाली. "अर्धा रस्ता राहिला आहे. करार पूर्ण रस्त्याचा होता."

पाटणसावंगीच्या पुढे डावीकडच्या शेतरस्त्यावरून संत्र्यांचे कॅरेट भरलेला टेम्पो बाहेर आला. आला म्हणजे, न बघता आला. ताईनं हँडल उजवीकडे झटकलं. गाडीचं उजवं चाक हलकं झालेलं मला मागून दिसलं. मग डाव्या चाकापाशी कुरकुर असा आवाज झाला, गाडीनं दम सोडल्यासारखा वेग टाकला आणि उजवं चाक खाली टेकलं. ताई टेम्पोच्या नाकापुढून निघून पुन्हा आपल्या बाजूला आली. ज्या चाकाला ब्रेक लागला ते डावंच होतं. अर्ध्या तासापूर्वी त्याच चाकात लिंबू होतं.

मी कसा थांबलो ते विचारू नका. स्कूटरचं मागचं चाक एकीकडे गेलं, मी दुसरीकडे जायला निघालो आणि दोन्ही चपला डांबरावर घासत उभा राहिलो तेव्हा माझ्या मांडीवर एक संत्रं होतं.

"आई," मी जवळ गेलो तेव्हा भाचा विचारत होता, "ब्रेक तू लावला?"

"मले वेळ कुठं होता?"

यानंतर सावनेरपर्यंत त्यानं दोनतीनदा मागे वळून पाहिलं.

मैत्रिणींनी त्याला पोहे खाऊ घातले, मग पाचवा म्हणून डावात घेतलं. सॉफ्टवेअरवाला असून तो झपाट्यानं हरत होता. चिंचोके संपत आले तेव्हा ताईनं पानं उलटी ठेवली.

"एकदा सांगून टाक. भीती वाटली का?"

त्या तिघी जणींनीही पानं खाली केली. त्यांना करार माहीत होता.

"वाटली," तो म्हणाला.

ताईनं मान हलवली. खरं सांगेन असं त्यानं कबूल केलं होतं आणि त्यानं खरं सांगितलं होतं. तिला त्यात खोट काढता येईना.

"केव्हा?"

"टेम्पो आला तेव्हा. गाडी आपोआप सावरली, मले काही कळलंच नाही. मग मी मागं वळून पाहिलं." पुणेरी कुठेतरी पाटणसावंगीलाच राहिलं होतं. "आई, मामाच्या स्कूटरले तर यातलं काहीच नाही! ना डबी, ना काही. मामा आडवे होऊन राहिले होते, चपला घासून राहिले होते. मले भीती त्यांची वाटली, तुझ्या गाडीची नाही. या वयात हे असं स्कूटरवर फिरतेत, तुम्ही कोणी काही बोलत काहून नाही?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. तिनं पानं उचलली. "मी तर कधीची सांगून राहिली. पान टाक."

त्या डावात ताई जिंकली. मी बाहेर जाऊन पेपर वाचत बसलो. चार वाजता मला खोकला आला; मी तो दाबला.

संध्याकाळी ताईनं समोरच्या वहिनींपुढे रुमाल सोडला. तार दाखवली, दाते समजावले, टेम्पोही सांगितला. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे टेम्पोपासून वाचले न?" त्यांनी विचारलं.

"वाचलो, कारण लिंबू काढलं होतं."

"पण घरून निघताना होतं," वहिनी म्हणाल्या. "अर्धं लिंबू कापलं गेलं म्हणता. जे व्हायचं ते लिंबावर झालं."

ताईनं जन्मभर गणित शिकवलं आहे. कोणत्या विद्यार्थ्याला कुठे सोडून द्यायचं हे तिला कळतं. तह असा झाला: लिंबू-मिरची आरशाला बांधायची, सुती दोऱ्यानं, लोखंड अजिबात नाही. बदल्यात ताई वहिनींचं फाटक बसवून देईल. आता दर शनिवारी ताईच्या आरशाला मिरच्या डोलत असतात, आणि विवेकवादावर व्याख्यानं देणारे आमचे एक परिचित त्या पाहून मान फिरवतात. ताई म्हणते, दोरा लोहचुंबकाला चालतो, मग मले काहून नाही चालणार?

भाचा पुण्याला निघाला त्या दिवशी ती मोठी बॅग भरलेलीच गेली. तीत संत्री होती. आंबिया बहाराची पहिली, जरा आंबट. बॅग इतकी जड झाली की चेन लावायला मला तिच्यावर बसावं लागलं. त्याला स्टेशनवर ताईनंच सोडलं. बॅग माझ्या कारमध्ये होती. स्कूटर भाच्यानं आदल्याच दिवशी विकायला काढली होती, माझ्यासमोर, फोटो काढून.

पुण्याची रेल्वे सुटल्यावर आम्ही बाहेर आलो. ताई तीनचाकीवर बसून हेल्मेट घालत होती, एक पाय टेकून. तेवढ्यात एक गृहस्थ दोन पिशव्या घेऊन आले आणि त्यांनी त्या मागच्या सीटवर ठेवल्या.

"ओ मावशी, धंतोलीचे किती घेसान?"

"मीटर नाही गा," ताई म्हणाली.

"मग ठरवून सांगा न."

ताईनं क्षणभर आकाशाकडे पाहिलं. ती खरोखर हिशोब करत होती, हे मी शेजारी उभं राहून पाहिलं.